घंटेमागची न दिसणारी रांग

ट्रंक कॉलचा जमाना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना 'ऑर्डिनरी', 'अर्जंट' आणि 'लाइटनिंग' हे तीन शब्द विसरता येणार नाहीत. नागपूरहून मुंबईला बोलायचे तर एक्स्चेंजकडे नंबर नोंदवायचा आणि वाट पाहत बसायचे. ऑर्डिनरीला वेळ लागे. जास्त पैसे मोजून अर्जंट केला की तो लवकर लागे. आणि घरात तसाच प्रसंग ओढवला तर लाइटनिंगचे चढे दर सोसावे लागत. रांग त्या वेळीही होती आणि पैसेवाल्याला तिच्यात पुढची जागाही मिळत होती. पण रांगेचे नियम सर्वांना ठाऊक होते, दर ठरलेले होते आणि रांगेत उभा असलेला माणूस स्वतःच्या गरजेपोटी उभा होता. आज टेलिफोनभोवती पुन्हा एक रांग लागली आहे. या रांगेत आपण सगळेच उभे आहोत. मात्र आपण उभे आहोत हे आपल्याला माहीत नाही, आपला नंबर कितवा हे माहीत नाही आणि तो कोणी लावला हे तर मुळीच माहीत नाही.

ही रांग कॉल सेंटरमधला संगणक लावतो. कर्ज हवे का, विमा हवा का, हप्ता का थकला, कार्डाची मर्यादा वाढवून हवी का, असे विचारणारे जे फोन दिवसभर येतात, ते कोणी मुलगी वही पुढ्यात घेऊन, एकेक नंबर फिरवून करीत असेल अशी कल्पना अजूनही अनेकांच्या मनात असते. वस्तुस्थिती वेगळी आहे. कोणाला फोन लावायचा, कधी लावायचा, उचलला नाही तर पुन्हा केव्हा लावायचा आणि एक मोहीम संपली की त्या माणसाला कोणत्या मोहिमेत ढकलायचे, हे सगळे आधी घालून दिलेल्या नियमांनुसार यंत्र ठरवते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने, बँकांनी आपले सेवाविषयक आणि व्यवहारविषयक फोन १६०० या आकड्यांनी सुरू होणाऱ्या क्रमांकांवरूनच करावेत असा आदेश काढला आणि त्यासाठी १ जानेवारी २०२६ ही मुदत घालून दिली. जाहिरातीच्या फोनांसाठी १४० ची मालिका आहे. हे पाऊल स्वागतार्हच आहे. त्यामुळे फोन कोणाचा हे कळायला मदत होईल. पण तो आताच का आला, काल संध्याकाळी का आला होता आणि उद्या सकाळी पुन्हा का येणार आहे, याचे उत्तर त्या आकड्यांत नाही. ते त्या न दिसणाऱ्या रांगेत आहे.

गणित उलटे झाले

हे यंत्र कसे चालते ते थोडे समजून घेतले पाहिजे. समजा, एका कॉल सेंटरमध्ये शंभर मुले-मुली बसली आहेत आणि संगणकात एक लाख नंबरांची यादी आहे. चार फोन लावले तर एक उचलला जातो असे धरू. प्रत्येकाने हाताने नंबर फिरवायचा ठरवला आणि घंटा वाजण्यात दर वेळी अर्धा मिनिट गेला, तर एका संभाषणासाठी दोन मिनिटे नुसती घंटा ऐकण्यातच जातील. मालकाच्या दृष्टीने ही दोन मिनिटे म्हणजे पगार देऊन विकत घेतलेला रिकामा वेळ. तो वाचवण्यासाठी १९८० च्या दशकात अमेरिकेत 'प्रेडिक्टिव्ह डायलर' आले. डग्लस सॅम्युएलसन यांच्यासारख्या गणितज्ञांनी त्यामागचे शास्त्र बांधले. कोणता कर्मचारी किती सेकंदांत मोकळा होईल याचा अंदाज यंत्र बांधते आणि तो मोकळा होण्याआधीच एकाच वेळी अनेक नंबर फिरवते. ज्याने फोन उचलला त्याला कर्मचाऱ्याशी जोडून देते. जो उचलत नाही त्याची नोंद करून पुढे जाते.

या शास्त्राचे मूळ पाहिले तर गंमत वाटते. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग या गणितज्ञाने १९०९ साली टेलिफोनच्या वर्दळीवर पहिला निबंध लिहिला. फोन करणाऱ्याला ताटकळावे लागू नये म्हणून किती तारा आणि किती ऑपरेटर लागतील, हा त्या सगळ्या अभ्यासाचा प्रश्न होता. डायलरने हे गणित उलटे केले. ऑपरेटरला ताटकळावे लागू नये म्हणून किती घरांतल्या घंटा वाजवाव्या लागतील, असा आता प्रश्न झाला. पहिल्या गणितात वेळ वाचत होता तो ग्राहकाचा. दुसऱ्यात खर्ची पडतो तोही ग्राहकाचाच.

अंदाज म्हटला की तो चुकणारच. एकच कर्मचारी मोकळा आहे, चार नंबर एकदम फिरवले आहेत आणि चारांत एक उचलतो असे धरले, तरी दोघांनी किंवा अधिकांनी एकदम फोन उचलण्याची शक्यता शेकडा २६ निघते. कर्मचारी शंभर असले की चढउतार एकमेकांत जिरतात आणि चूक कमी होते. पण ती संपत नाही. मग कोणीतरी स्वयंपाक सोडून उठते, 'हॅलो, हॅलो' म्हणते आणि पलीकडे कोणीच नसते. ब्रिटनमध्ये अशा मुक्या फोनांचा एवढा उपद्रव झाला की 'ऑफकॉम' या तिथल्या नियामक संस्थेने चोवीस तासांत उचलल्या गेलेल्या फोनांपैकी शेकडा तीनपेक्षा अधिक फोन असे सोडून देता येणार नाहीत, अशी मर्यादा घातली. दंडाची कमाल रक्कम २०१० साली वीस लाख पौंडांपर्यंत वाढवण्यात आली. २०१२ आणि २०१३ या लागोपाठच्या वर्षांत दोन मोठ्या कंपन्यांना प्रत्येकी साडेसात लाख पौंडांचा दंडही झाला. यंत्राच्या अंदाजाची किंमत यंत्राच्या मालकाने मोजावी, हे तत्त्व त्यामागे होते.

मोहिमेमागून मोहीम

परंतु मुका फोन हा या व्यवहारातला लहान भाग झाला. खरी ताकद आहे ती क्रम लावण्यात. पहिल्या फोनाचा जो निकाल लागतो त्याला यंत्रात एक खूण असते. नंबर व्यग्र होता तर काही मिनिटांनी पुन्हा फोन. उचलला नाही तर काही तासांनी, आणि सकाळी उचलला नसेल तर पुढच्या खेपेला संध्याकाळी. 'नंतर बोला' म्हटले तर सांगितलेल्या वेळी. चुकीचा नंबर असेल तर यादीतून बाद. एक मोहीम आटोपली, किंवा तिचे उद्दिष्ट पुरे झाले, की दुसरी आपोआप सुरू होते. पहिल्या मोहिमेतले कर्मचारी तिकडे वळवले जातात आणि हाती न लागलेली माणसेही.

कर्जाच्या हप्त्याचे उदाहरण घेऊ. तारखेच्या आधी आठवणीचा संदेश येतो. तारीख उलटली की ध्वनिमुद्रित आवाज येतो. मग गोड बोलणारी टेलिकॉलर. महिना लोटला की जरा कडक बोलणारा दुसरा गट आणि त्याहीनंतर बाहेरच्या वसुली एजन्सीची यादी. ही शिडी ज्याने कधी हप्ता चुकवला त्याच्यासाठी. आणि ज्याने एकही हप्ता चुकवला नाही त्याचे काय? त्याचे नाव नव्या कर्जाच्या मोहिमेत जाते. वेळेवर फेडणाऱ्याला बक्षीस मिळते ते आणखी एका रांगेचे!

यातला प्रत्येक टप्पा वेगळा पाहिला तर त्यात वावगे असे काही सापडत नाही. एक आठवण, एक विनंती, एक तगादा. सावकारही हेच करीत होता, असे कोणी म्हणेल. फरक असा की सावकाराला दारात उभे राहावे लागे. घरात आजारपण आहे, पीक बुडाले आहे, पोरीचे लग्न तोंडावर आहे, हे त्याला दिसत असे. आणि तो कितीही निर्दय असला तरी दिसलेल्या गोष्टीचा निर्णय त्याच्या नावावर जमा होत असे. येथे निर्णय कोणाच्याच नावावर नाही. टेलिकॉलर म्हणते, नंबर सिस्टिमने दिला. सुपरवायझर म्हणतो, नियम आधीच घालून दिलेले आहेत. बँक म्हणते, काम बाहेरच्या एजन्सीकडे आहे. एजन्सी म्हणते, यादी बँकेची. जबाबदारी अशी गोल फिरत राहते आणि घंटा मात्र एकाच घरात वाजत राहते.

कायदा काय पाहतो?

अमेरिकेने या प्रश्नाला १९९१ सालीच हात घातला. थोरल्या बुश यांच्या सहीने डिसेंबरात झालेल्या त्या कायद्याने यंत्राने नंबर फिरवण्यावर आणि ध्वनिमुद्रित आवाज ऐकवण्यावर बंधने घातली. नियम मोडणाऱ्या प्रत्येक फोनामागे पाचशे डॉलर भरपाई मागण्याचा हक्क नागरिकाला दिला आणि उल्लंघन जाणूनबुजून केले असेल तर ती तिप्पट करण्याची मुभा न्यायालयाला दिली. पण त्या काळची यंत्रे साधी होती. ती वाटेल तो आकडा, किंवा एकामागून एक येणारे आकडे फिरवीत. कायद्यातली व्याख्याही त्याच यंत्रांना समोर ठेवून झाली. फेसबुकविरुद्धच्या खटल्यात १ एप्रिल २०२१ रोजी अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले, की आकडे यदृच्छया किंवा क्रमवार तयार करण्याची क्षमता ज्यात आहे तेच यंत्र या व्याख्येत बसते. म्हणजे निवडक माणसांची यादी समोर ठेवून, त्यांचा क्रम अक्कलहुशारीने लावून नंबर फिरवणारी यंत्रे बव्हंशी त्या व्याख्येबाहेर राहिली. आकड्यांचा क्रम लावणारे आंधळे यंत्र कायद्याला दिसते. माणसांचा क्रम लावणारे डोळस यंत्र त्याला दिसत नाही. या विसंगतीत सगळ्या प्रश्नाचे सार आहे.

आपल्याकडची वाट थोडी निराळी आहे. २००७ साली 'डू नॉट कॉल' नोंदवही आली. २०१० च्या नियमांनी ती अधिक बांधेसूद केली. जुलै २०१८ च्या नियमांनी जाहिरातदार, त्यांचे मथळे आणि ग्राहकाची संमती यांची संगणकीय नोंद सक्तीची केली. ऑगस्ट २०२४ मध्ये ट्रायने नोंदणी न करता जाहिरातीचे फोन करणाऱ्यांच्या जोडण्या तोडण्याचे आणि त्यांना दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाकण्याचे आदेश दिले. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीने तक्रारीची मुदत तीन दिवसांवरून सात दिवसांवर नेली, आपोआप नंबर फिरवणाऱ्या यंत्रांच्या वापराची टेलिफोन कंपनीला आगाऊ सूचना देणे बंधनकारक केले आणि ग्राहकाने एकदा संमती मागे घेतली की नव्वद दिवस ती पुन्हा मागता येणार नाही असे ठरवले.

या शेवटच्या तरतुदीकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. पण ती महत्त्वाची आहे, कारण ती एका फोनाविषयी बोलत नाही. दोन विनंत्यांमधल्या अंतराविषयी बोलते. म्हणजे ती क्रमाला हात घालते. अशा तरतुदी इतरत्रही आहेत. अमेरिकेत ३० नोव्हेंबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमानुसार वसुली करणाऱ्याने एका कर्जासाठी सात दिवसांत सातहून अधिक वेळा फोन केला, किंवा एकदा प्रत्यक्ष बोलणे झाल्यावर सात दिवसांच्या आत पुन्हा फोन केला, तर त्याने नियम मोडला असे गृहीत धरले जाते. ब्रिटनमध्ये ऑफकॉमचे धोरण असे, की यंत्राने ज्याचा फोन मध्येच सोडला त्याला पुढचे ७२ तास पुन्हा फोन करायचा तर पलीकडे जिवंत माणूस हजर असलाच पाहिजे. आपल्या रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाद्वारे सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करण्यास मनाई केली, तसेच कर्जदाराला सतत फोन करीत राहण्यासही मनाई केली. पण 'सतत' म्हणजे किती? त्या परिपत्रकात आकडा नाही. आणि यंत्राला तर फक्त आकडाच कळतो. आठ आणि सात हे आकडे त्यात भरता येतात, 'सतत' हा शब्द भरता येत नाही.

दोन टोकांची माणसे

या तारेच्या दोन्ही टोकांना माणसेच आहेत, हे विसरून चालणार नाही. ऐरोली, ठाणे, अंधेरी, पुण्याच्या खराडी-हिंजवडी भागांत हजारो तरुण मुले-मुली कानाला हेडफोन लावून हे काम करतात. पूर्वी एक फोन ठेवला की पुढचा नंबर फिरवेपर्यंत घोटभर पाणी पिता येत असे. डायलरने ती उसंतच काढून घेतली; किंबहुना ती काढून घेण्यासाठीच तो आला. एक माणूस शिवी देऊन फोन आपटतो आणि ती शिवी गिळायच्या आत कानात दुसऱ्याचा 'हॅलो' येतो. समोर कोण येणार हे तिच्या हातात नाही. 'या बाईंच्या घरी कालच कोणी गेले आहे, त्यांना महिनाभर फोन करू नका,' असे तिला वाटले तरी तिच्या पडद्यावर बहुधा त्यासाठी खूण नसते. खुणा असतात त्या 'इच्छुक', 'अनिच्छुक', 'पुन्हा फोन' एवढ्याच. यादीत माणुसकीचा रकाना ठेवायचा राहून गेला आहे.

दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाला तर याहून मोठा धोका आहे. क्रम लावण्याची ही विद्या सभ्य कंपन्यांपुरती राहिलेली नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले तेव्हा अमेरिकी प्राप्तिकर खात्याचे अधिकारी असल्याचे भासवून अमेरिकनांना लुबाडण्याचा उद्योग उघडकीला आला. सुमारे सत्तर जणांना अटक झाली आणि शेकडो कर्मचाऱ्यांची चौकशी झाली. आज तेच तंत्र आपल्याच लोकांवर चालवले जात आहे. 'आपला नंबर दोन तासांत बंद होणार आहे, अधिक माहितीसाठी नऊ दाबा,' असा ध्वनिमुद्रित आवाज प्रथम येतो. जो नऊ दाबतो तो घाबरणारा आहे, हे त्यावरून कळते. मग त्याच्यापुढे तोतया अधिकारी, नंतर तोतया पोलीस, अशी एकेक पायरी येते आणि शेवटी 'डिजिटल अरेस्ट'. या प्रकाराविषयी पंतप्रधानांना ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये सावधगिरीचा इशारा द्यावा लागला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून त्याची दखल घेतली. येथे पहिला फोन केवळ चाळणी असतो. लाखातून शंभर भित्री माणसे वेचून काढण्याचे काम यंत्र करते आणि लुटण्याचे काम माणूस.

त्यात आता आवाजाचीही खात्री उरलेली नाही. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत अटलबिहारी वाजपेयींचा ध्वनिमुद्रित आवाज घरोघरी फोनवर ऐकू आला तेव्हा लोकांना अप्रूप वाटले होते. तो आवाज निदान त्यांचा होता. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील न्यू हॅम्पशर राज्यात मतदारांना बायडेन यांच्या आवाजात मतदान न करण्याचा सल्ला देणारे फोन आले. तो आवाज कृत्रिम होता. पुढल्याच महिन्यात तिथल्या दळणवळण आयोगाने असे आवाज १९९१ च्याच कायद्याखाली येतात असा निर्वाळा दिला. रांग लावणारे यंत्र आणि बोलणारे यंत्र एकत्र आले म्हणजे फोन करण्याला माणसांच्या संख्येची जी एक नैसर्गिक मर्यादा होती, तीही संपते. शंभर कर्मचारी एका वेळी शंभर जणांशीच बोलू शकतात. यंत्राला असे बंधन नाही.

क्रमाचा दोष नाही

मग ही यंत्रेच बंद करावीत काय? तसे म्हणणे भाबडेपणाचे होईल. केंद्रीय आरोग्य खात्याची 'किलकारी' ही सेवा याच तंत्रावर चालते. ती २०१६ साली काही राज्यांत सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातही आली. गरोदर स्त्रीला चौथ्या महिन्यापासून मूल वर्षाचे होईपर्यंत दर आठवड्याला एक, असे ७२ ध्वनिमुद्रित संदेश फोनवर येतात. कोणत्या आठवड्यात काय खावे, कोणती तपासणी करावी, बाळाला कोणती लस केव्हा द्यावी, हे त्या त्या आठवड्यालाच ऐकू येते. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही त्याचा उपयोग होतो. येथेही यादी आहे, यंत्र आहे, क्रम आहे. पण तो क्रम त्या बाईच्या पोटातल्या बाळाच्या वाढीवरून लागला आहे. वसुलीच्या यंत्रातला क्रम कोणाकडून पैसे निघण्याची शक्यता अधिक यावरून लागतो. तंत्र एकच, रांग कोणासाठी लावली यावर सगळे अवलंबून आहे.

उद्योगाचेही म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. फोनने वसुली झाली नाही तर माणूस दारात पाठवावा लागेल, आणि ते कर्जदाराला अधिक जाचक होईल. खर्च वाढला की छोटी कर्जे महाग होतील. कॉल सेंटरमधल्या नोकऱ्या जातील. यात तथ्य आहे. हप्ता थकवणाऱ्याला कोणी विचारूच नये, असेही कोणी म्हणणार नाही. परंतु विचारण्याचा हक्क आणि विचारत राहण्याचा हक्क यांत फरक आहे, आणि तो ठरवण्याचे काम ज्याला वसुली हवी आहे त्याच्यावर सोपवता येत नाही.

म्हणून काही साध्या गोष्टी मागितल्या पाहिजेत. एका कारणासाठी आठवड्याला किती फोन आणि दोन फोनांत किती अंतर, याचे आकडे नियमात लिहावेत. एका मोहिमेत नोंदलेला नकार त्याच कंपनीच्या पुढच्या सर्व मोहिमांना, तिच्या वतीने फोन करणाऱ्या एजन्सींनाही, लागू व्हावा; आज यादी बदलली की नकार पुसला जाण्याची सोय आहे. बोलणारे यंत्र असेल तर त्याने पहिल्याच वाक्यात तसे सांगावे. आपला नंबर कोणत्या यादीत, कोणत्या नियमाने आणि कितव्यांदा फिरवला गेला याची नोंद कंपनीने जपावी आणि तक्रार झाली की ती नियामकापुढे ठेवावी. संगणकात ही नोंद असतेच; यंत्र तिच्यावाचून पुढचा फोन लावूच शकत नाही. तेव्हा खर्चाची सबब येथे चालणार नाही. आणि फोनवर बसलेल्या मुलीला 'यांना काही दिवस त्रास देऊ नका' अशी खूण करण्याचा अधिकार असावा व ती खूण यंत्राने मानावी. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने संमतीचे तत्त्व मान्य केलेलेच आहे. ते कागदावरून डायलरमध्ये उतरवायचे आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला, तेव्हा त्याची चर्चा प्रामुख्याने सरकार आणि नागरिक यांच्या संदर्भात झाली. ती योग्यच होती. पण दुपारी डोळा लागलेल्या म्हाताऱ्या माणसाला कोणी उठवावे आणि किती वेळा, हाही खासगीपणाचाच प्रश्न आहे, आणि तो सरकारच्या नव्हे, बाजाराच्या हातात गेला आहे. ट्रंक कॉलच्या काळी एक्स्चेंजमधला ऑपरेटर निदान 'तुमचा नंबर अजून आला नाही' एवढे तरी सांगत असे. आज आपला नंबर केव्हाच लागलेला आहे, आणि पुन्हा पुन्हा लागणार आहे. तो कोणत्या नियमाने लागला, एवढे विचारण्याचा हक्क तरी फोन उचलणाऱ्याला असला पाहिजे.